रोबोटिक्सचा उत्सव: तीन पिढ्यांना एका टेबलापाशी कसे आणावे

रोबोटिक्सचा कार्यक्रम म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. दोरी बांधून राखलेल्या जागेत एखादा रोबोट फिरत असतो, मुले त्याच्याभोवती गर्दी करतात, पालक मागे उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करतात आणि आजी-आजोबा कडेच्या खुर्च्यांवर बसून कार्यक्रम संपण्याची वाट पाहतात. रोबोट चांगला असतो, तो बनवणाऱ्यांनी घेतलेले कष्टही खरे असतात, तरीही घरी जाताना बहुतेकांच्या पदरी ‘पाहिला’ यापलीकडे काही पडत नाही. ही माणसे उदासीन नसतात. त्यांना करण्याजोगे काही कोणी ठेवलेलेच नसते. म्हणून असा उत्सव आखताना प्रत्येक टेबलावर काहीतरी अपुरे ठेवायचे, हा नियम सर्वांत आधी ठरवून टाकावा, असे माझे ठाम मत आहे. पूर्ण झालेला चकचकीत रोबोट माणसाला प्रेक्षक बनवतो, तर ज्यात एखादा स्क्रू बसवायचा, एखादी सूचना लिहायची किंवा एखादा निर्णय घ्यायचा राहिला आहे, असा रोबोट त्याला खुर्चीतून उठवतो. पुढचे सगळे नियोजन या एका नियमाच्या आधारे केले आहे.

निमित्त कोणतेही चालते. अमेरिकेत २०१० पासून एप्रिल महिन्यात राष्ट्रीय रोबोटिक्स सप्ताह साजरा होतो आणि त्या आठवड्याचा धागा धरून इतरत्रही कार्यक्रम घेता येतात. पण शाळेला किंवा ग्रंथालयाला सोयीचा एखादा सुटीचा दिवसही तितकाच योग्य ठरतो. आकाराबाबत मात्र संयम पाळावा. पंधरा टेबले मांडून प्रत्येकापाशी एकच गोंधळलेला स्वयंसेवक उभा करण्यापेक्षा पुढे सुचवलेल्यांपैकी पाच टेबले, प्रत्येकी दोन तयार स्वयंसेवक आणि तीन तासांचा अवधी एवढेच ठेवले, तर लोकांना एका जागी वीस-पंचवीस मिनिटे रमता येते. धावपळ करत सगळे पाहून घेणाऱ्यांपेक्षा दोनच टेबलांवर बसलेली, पण एक गोष्ट हाताने पुरी केलेली माणसे अधिक शिकून जातात.

पहिले टेबल बिनवायरचे

दारातून आत येताच जे दिसेल, तिथे एकही वायर नसावी. ‘मला यातले काही कळत नाही’ असे म्हणणारी प्रौढ माणसे वायरी आणि लुकलुकणारे दिवे पाहूनच दोन पावले मागे सरतात, आणि एकदा मागे सरलेला माणूस नंतर क्वचितच पुढे येतो. त्यामुळे सुरुवातीला माणसालाच रोबोट करावे. जमिनीवर चिकटपट्टीने सुमारे अर्धा मीटर बाजूच्या पंचवीस चौकटी आखाव्यात, पाच उभ्या आणि पाच आडव्या. एका कोपऱ्यात ‘रोबोट’ उभा राहील, समोरच्या कोपऱ्यात एखादी वस्तू ठेवलेली असेल आणि मध्ये दोन-तीन खुर्च्यांचे अडथळे असतील. बाकीच्यांनी कागदावर सूचना लिहायच्या: एक चौकट पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, वस्तू उचल.

या खेळाचा सगळा कस एका अटीत आहे आणि ती शिथिल करू नये. पूर्ण यादी आधी लिहून संपवायची आणि मगच ती वाचायला सुरुवात करायची. रोबोट चालू लागल्यावर कोणी काही बोलायचे नाही, खुणावायचे नाही. रोबोट झालेल्या व्यक्तीने लिहिलेले असेल तेवढेच आणि अगदी तसेच करायचे. ‘पुढे जा’ एवढेच लिहिले असेल, तर किती पुढे हे न सांगितल्यामुळे तिने सरळ चालत भिंतीपर्यंत जायचे. चूक कळल्यावर यादी फाडून नवी लिहू देऊ नये. नेमकी कोणती ओळ चुकली ती शोधावी, तेवढीच बदलावी आणि सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून चालवावी. प्रोग्राम लिहिणे आणि त्यातला दोष काढणे म्हणजे काय, हे सत्तर वर्षांच्या व्यक्तीला आणि सात वर्षांच्या मुलाला एकाच वेळी समजावणारा याहून साधा मार्ग मला माहीत नाही.

भूमिकांची वाटणीही विचारपूर्वक करावी. पहिल्या फेरीत नातवंडाला रोबोट करावे आणि आजी-आजोबांना सूचना लिहायला बसवावे. घरात मोबाइलबाबत नेहमी नातवंडच सांगते आणि आजी ऐकते. इथे सूत्रे आजीच्या हाती येतात आणि तिच्या हेही लक्षात येते की नेमकेपणाने सांगण्याची सवय तिला आयुष्यभर आहे. ज्येष्ठ व्यक्तीला रोबोट व्हायचे असेल, तर डोळ्यांवर पट्टी बांधू नये. डोळे उघडे ठेवून फक्त स्वतःचे डोके न चालवण्याचा नियम पुरेसा आहे. वॉली फ्यूर्झीग, सीमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली आणि पुढे तिच्या आज्ञांवर कागदावर रेघा काढणारे यांत्रिक ‘कासव’ आले, तेव्हा पेपर्ट यांचा भर याच गोष्टीवर होता: आकृती जमत नसेल तर मुलाने स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहावे. देहाला जे कळते ते कागदावर उतरवणे सोपे जाते.

दुसऱ्या फेरीत यादीत ‘जर’ आणि ‘तर’ येऊ द्यावेत: जर समोर हाताला खुर्ची लागली, तर उजवीकडे वळ. तिसरी फेरी मला सर्वांत मोलाची वाटते. यात सूचना एकेक करून द्यायच्या, पण प्रत्येक चिठ्ठी रोबोटपर्यंत पोहोचण्यापूर्वी स्वयंसेवकाने ती पूर्ण एक मिनिट हातात धरून ठेवायची आणि रोबोटला काय दिसले याची उलट चिठ्ठीही तशीच एका मिनिटाने परत आणायची. चार-पाच चिठ्ठ्यांनंतर माणसे कंटाळतात आणि कोणीतरी आपणहून म्हणते, ‘अडथळा आला तर थांबायचे हे त्याला आधीच सांगून ठेवू या ना!’ त्या क्षणी मंगळाचा विषय काढावा. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचायला, दोन्ही ग्रहांतील अंतरानुसार, साधारण तीन ते बावीस मिनिटे लागतात, म्हणून तिथल्या गाडीला दगड दिसल्यावर विचारत बसणे परवडत नाही. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी नव्वद मंगळ-दिवसांच्या कामासाठी आखली होती आणि जून २०१८ पर्यंत तिचा पृथ्वीशी संपर्क टिकला. इतक्या वर्षांत तिला अनेक बारीक निर्णय स्वतःचे स्वतः घ्यावे लागले. यंत्राला स्वायत्तता का द्यावी लागते याचे उत्तर लोकांनी आधी स्वतः शोधलेले असल्यामुळे ही माहिती त्यांच्या मनात घट्ट बसते.

हाताने घडवण्याची टेबले

सर्वांत लहान मुलांसाठी रेघोट्या काढणारा रोबोट उत्तम. कागदी पेला उपडा ठेवून त्याच्या कडेला तीन स्केचपेन पायांसारखे चिकटवावेत, वर छोटी मोटर आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल बसवावा आणि मोटरच्या दांड्यावर खोडरबराचा तुकडा मुद्दाम एका बाजूला कललेला खोचावा. वजन आसाच्या मध्यावर नसल्यामुळे मोटर फिरताना सगळा पेला हादरतो आणि टोपणे काढलेले पेन जमिनीवर पसरलेल्या मोठ्या कागदावर वेटोळी काढू लागतात. इथे अपुरा ठेवायचा तो खोडरबर. तो किती मोठा कापायचा, कोणत्या टोकाशी खोचायचा, पेनांतील अंतर किती ठेवायचे हे मुलाने ठरवावे आणि प्रत्येक बदलानंतर कागदावरची नक्षी कशी बदलली ते शेजारच्या मोठ्या माणसाला सांगावे. बटणाच्या आकाराचे सेल या टेबलावर अजिबात आणू नयेत. लिथियमचा असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतल्या अस्तराला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. या एका बाबतीत सोयीचा विचार करूच नये.

मोठी मुले आणि प्रौढ यांच्यासाठी पुठ्ठ्याचा पाण्यावर चालणारा हात ठेवावा. पुठ्ठ्याच्या पट्ट्या खिळ्यासारख्या पिनांनी जोडून कोपर आणि पंजा करायचा. प्रत्येक सांध्याला सुई नसलेली एक सिरिंज जोडायची आणि बारीक पारदर्शक नळीने ती दुसऱ्या सिरिंजला जोडून दुसरी हातात धरायची. नळीत पाणी भरलेले असते. एक दट्ट्या दाबला की दुसरा बाहेर येतो. सांगायला सोपे, पण बहुतेक हात पहिल्यांदा लुळे पडतात, आणि त्याचे कारण नळीत राहिलेली हवा हे असते. पाणी दाबले तरी आकुंचन पावत नाही, हवा मात्र पावते, त्यामुळे दट्ट्याचा पहिला जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. यावर उपाय असा: सिरिंज आणि नळी पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडवावी, सिरिंजचे टोक वर करून धरावे, नखाने हळूच टिचक्या माराव्यात म्हणजे कडेला चिकटलेले बुडबुडे टोकाशी जमतात, मग दट्ट्या किंचित ढकलून ते बाहेर काढावेत आणि पाण्याखालीच जोडणी करावी. हे काम घाईचे नाही; ज्यांनी आयुष्यभर बारीक हातकाम केले आहे अशी माणसे इथे तरुणांपेक्षा सरस ठरतात, आणि ते सगळ्यांना दिसते.

त्याच टेबलावर दहा आणि वीस मिलिलिटरच्या सिरिंजा मिसळून ठेवाव्यात. बारीक सिरिंज दाबून जाड सिरिंज हलवली, तर हाताला जोर कमी लागतो पण पंजा थोडाच सरकतो. उलट केले तर पंजा भरभर हलतो पण काही उचलत नाही. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला हा नियम जेसीबीच्या हातापासून गाडीच्या ब्रेकपर्यंत सगळीकडे काम करतो. स्वयंसेवकाने तो आधी सांगू नये. ‘कोणत्या जोडीने जड वस्तू उचलली जाते?’ एवढेच विचारावे आणि थांबावे.

हाताने घडवण्याच्या तिसऱ्या टेबलाला ‘सेन्सरला फसवा’ असे नाव द्यावे; सेन्सर म्हणजे आजूबाजूचे जाणून घेणारा रोबोटचा घटक. अल्ट्रासॉनिक सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा, सुमारे ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. एक मीटरवरच्या भिंतीवरून आवाज परत यायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात. समोरच्या पडद्यावर अंतराचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसत राहील, अशी व्यवस्था करावी आणि शेजारी पुस्तक, उशी, काचेचा तुकडा बसवलेली चौकट, लोकरीची शाल अशा वस्तू ठेवाव्यात. मऊ कापड आवाज शोषून घेते, तिरके धरलेले पुस्तक तो भलतीकडे परतवते आणि आकडा वेडावाकडा होतो. शेजारीच अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांचा सेन्सर ठेवला, तर उलटा प्रकार दिसतो: अल्ट्रासॉनिकला सहज कळणारी काच त्याला बऱ्याचदा कळतच नाही. यंत्राला जग आपल्यासारखे दिसत नाही, ही जाणीव या टेबलावर होते, आणि रोबोटविषयीची अवास्तव भीती व अवास्तव भाबडेपणा दोन्ही कमी करण्यासाठी ती फार आवश्यक आहे.

रेषेवरून चालणारा रोबोट

पांढऱ्या कागदावरच्या काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट जवळपास प्रत्येक कार्यक्रमात असतो आणि जवळपास प्रत्येक कार्यक्रमात तो ऐनवेळी भरकटतो. त्यामागचे कारण समजले, तर हे भरकटणेच सर्वांत चांगला धडा होते. रोबोटच्या पोटाखाली अवरक्त प्रकाश सोडणारा दिवा आणि परत आलेला प्रकाश मोजणारा घटक असतो. पांढरा पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतो, काळा शोषतो. सूर्यप्रकाशातही भरपूर अवरक्त किरण असतात. बंद खोलीत नीट चालणारा रोबोट खिडकीजवळच्या टेबलावर आणला की त्याला काळी पट्टीही उजळ भासू लागते. म्हणून मार्ग खिडकीपासून लांब मांडावा, सेन्सर जमिनीपासून काही मिलिमीटरवर ठेवावा आणि त्याच्याभोवती काळ्या कागदाचा झालरीसारखा आडोसा करावा.

तरीही मोजमाप त्याच जागी, त्याच उजेडात करावे लागते, आणि तेच काम लोकांकडे सोपवावे. रोबोट पांढऱ्यावर धरून आकडा वाचायचा, काळ्यावर धरून वाचायचा, दोन्हींचा मध्य काढून तो प्रोग्राममध्ये लिहायचा. समजा पांढऱ्यावर १५० आणि काळ्यावर ७५० आले, तर उंबरा, म्हणजे काळे आणि पांढरे वेगळे ओळखण्याचा आकडा, ४५०. दर तासाला उजेड बदलला की हे पुन्हा करावे लागेल. तेव्हा फलकावर वेळ आणि आकडे लिहित जावे, म्हणजे दुपारी आलेल्यांनाही सकाळपासून काय बदलले ते कळेल. दोन सेन्सरांच्या रोबोटचा नियम एका ओळीचा असतो: डाव्या सेन्सरखाली काळे आले तर डावीकडे वळ, उजव्याखाली आले तर उजवीकडे. ही ओळ उलटी लिहिली तर काय होईल याचा अंदाज आधी सगळ्यांकडून घ्यावा आणि मग खरोखरच उलटी लिहून दाखवावी.

प्रोग्रामिंगसाठी ठोकळे जोडून सूचना करण्याची पद्धत ठेवावी. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातून २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘स्क्रॅच’ आणि तिच्या धर्तीवरची इतर साधने यांत टंकलेखनाच्या चुका होत नाहीत, त्यामुळे कळफलकाची सवय नसलेले लोकही पाच मिनिटांत पहिला बदल करू शकतात. पाच गुणिले पाच दिव्यांचा ‘मायक्रोबिट’ हा छोटा बोर्ड २०१६ मध्ये ब्रिटनमधील सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना मोफत दिला गेला, तो अशाच सोपेपणासाठी. मात्र संगणक एकच ठेवून त्याच्यापाशी तीन माणसे बसवावीत आणि दर दहा मिनिटांनी काम बदलावे: एकाने कळफलक चालवायचा, एकाने वाचून सांगायचे, एकाने रोबोट हाताळून चाचणी घ्यायची. ही अदलाबदल सक्तीची केली नाही, तर सर्वांत धीट मुलगा कळफलक बळकावतो आणि मुलींच्या वाट्याला नोंदी लिहिणे व सजावट करणे येते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि वेळापत्रक भिंतीवर लावण्याइतका सोपा उपाय असताना ते चालू देणे योग्य नाही.

ज्येष्ठांना पाहुणे करू नये

ज्येष्ठ नागरिकांना दीपप्रज्वलनाला बोलावून पुढच्या रांगेत बसवणे म्हणजे त्यांना आदराने बाजूला ठेवणे आहे. त्यांच्याकडे उत्सवाला हवे असलेले ज्ञान असते. शिवणयंत्राचा पट्टा ताणणारी, घड्याळ उघडून साफ करणारी, रेडिओ दुरुस्त केलेली, विणकामाचा नमुना टाके मोजत वाचणारी माणसे आपल्या आसपास आहेत. विणकामाचा नमुना हा शब्दशः प्रोग्राम आहे, त्यात पुनरावृत्ती असते आणि अटी असतात. जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास मागाला नक्षीचे आदेश देण्यासाठी वापरलेली भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे पुढे गणकयंत्रांच्या इतिहासाचा भाग झाली. तेव्हा निमंत्रण देतानाच प्रत्येक ज्येष्ठाला विचारावे की आपण कोणते यंत्र उघडून पाहिले आहे, आणि जमल्यास ते किंवा त्याचा भाग बरोबर आणायला सांगावे. एका टेबलावर जुने यंत्र आणि नवा रोबोट शेजारी ठेवून, दोन्हींत सारखे काय आहे ते मुलांनी शोधायचे: गिअर, पट्टा, स्प्रिंग, स्विच.

आणखी एक टेबल गप्पांचे ठेवावे, पण गप्पांनाही हाताचे काम द्यावे. भिंतीवर दोरी ताणून एका टोकाला ‘रोबोट आहे’ आणि दुसऱ्या टोकाला ‘रोबोट नाही’ असे लिहावे आणि कपडे धुण्याचे यंत्र, रिमोटची खेळण्यातली गाडी, उद्वाहनाचे दार, फरशी पुसणारे यंत्र, थर्मोस्टॅटची इस्त्री, शस्त्रक्रियेतील यांत्रिक हात अशी चित्रे चिमट्यांनी लावायला द्यावीत. रिमोटची गाडी चाके असूनही स्वतः काही ठरवत नाही, तर इस्त्री हातपाय नसूनही तापमान जाणून स्वतः बंद होते. अमेरिकेत २००० साली शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रणेतील हात अत्यंत अचूक असतात, पण प्रत्येक हालचाल शल्यचिकित्सक स्वतः करवतो. चित्र कुठे लावायचे यावर एकमत झाले नाही तरी चालेल. प्रत्येकाने आपले कारण चिठ्ठीवर लिहून चित्राखाली टाचावे.

याच टेबलावर अवघड प्रश्नही यायला हवेत. १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा औद्योगिक रोबोट तापलेले ओतीव भाग उचलण्याच्या कामी लागला. ते काम माणसाला धोक्याचे होते. तरी पुढे कोणाचे काम गेले, कोणाचे सुधारले, हा प्रश्न टाळून केलेला उत्सव प्रौढांना पोरकट वाटतो. जपानमध्ये विकसित झालेला, सीलच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सोबतीसाठी वापरला जातो. स्वतःसाठी असा सोबती चालेल का, हे ज्येष्ठांनाच विचारावे आणि तरुणांनी ते शांतपणे ऐकावे.

स्वयंसेवक, दुरुस्ती आणि एक स्पर्धा

स्वयंसेवकांना तांत्रिक माहितीपेक्षा एक सवय लावणे अधिक महत्त्वाचे आहे: समोरच्याच्या हातातून वस्तू काढून घ्यायची नाही. माणूस अडखळला की जाणकाराचा हात आपोआप पुढे जातो, तो म्हणतो, ‘द्या इकडे, मी करतो’, आणि काम होते पण माणूस निघून जातो. त्याऐवजी तीन प्रश्न पाठ असावेत: काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि आता कोणती एक गोष्ट बदलून पाहू या. सरावासाठी आदल्या दिवशी स्वयंसेवकांनी घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या व्यक्तीबरोबर प्रत्येकी एक कृती करून पाहावी.

दुरुस्तीचे टेबल मागच्या खोलीत लपवू नये. ते सभागृहाच्या मध्यभागी असावे. बिघडलेला रोबोट तिथे यावा, व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावलेला सगळ्यांना दिसावा आणि दोष सापडला की तो फलकावर लिहिला जावा. दोष बहुधा नेहमीचेच असतात: उतरलेली बॅटरी, सैल झालेली वायर, उलटी जोडलेली मोटर. आणखी एक प्रकार ओळखून ठेवावा. मोटर अडकली की ती एकाएकी जास्त विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे व्होल्टेज खाली येते आणि नियंत्रक बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पाहणाऱ्याला वाटते प्रोग्राम चुकला. मोटर आणि बोर्ड यांना वेगळ्या बॅटऱ्या देऊन ऋण टोके एकत्र जोडली की बहुतेक वेळा हा त्रास थांबतो.

स्पर्धा ठेवावी की नाही याबद्दल मतभेद असतात. डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धांनी किंवा १९९७ पासून भरणाऱ्या ‘रोबोकप’ने असंख्य तरुणांना या विषयात आणले, रोबोकपचे उद्दिष्ट तर २०५० पर्यंत माणसांच्या फुटबॉल विश्वविजेत्या संघाला हरवणारा रोबोट-संघ उभा करण्याचे आहे. पण वेगाची शर्यत ठेवली की ज्यांच्याकडे महाग साहित्य आहे तेच जिंकतात. सर्वांच्या उत्सवासाठी मी हळू शर्यत सुचवेन: एक मीटर अंतर न थांबता सर्वांत जास्त वेळात पार करणारा रोबोट विजयी. पहिला विचार येतो बॅटरी कमी करण्याचा, पण व्होल्टेज घटवले की मोटर घर्षणाला हरते आणि थांबते, आणि थांबलेला रोबोट बाद होतो. मग गिअर हाती येतात. आठ दात्यांच्या चाकाने चाळीस दात्यांचे चाक फिरवले की वेग पाचपट घटतो, अशा दोन जोड्या लावल्या की पंचवीसपट, आणि जोर मात्र वाढतो. संघ करताना प्रत्येकात किमान दोन पिढ्या असाव्यात ही अट घालावी.

जागा आणि काळजी

टेबलांमध्ये चाकांची खुर्ची जाऊ शकेल इतके, किमान नव्वद सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि प्रत्येक कामाचे एक तरी टेबल खाली गुडघे जातील असे असावे. बारीक स्क्रूंच्या जागी मोठे नट-बोल्ट, जवळ भिंग आणि चांगला दिवा असला की साठीच्या पुढची माणसे अधिक वेळ थांबतात. दृष्टिहीनांसाठी मार्गाच्या कडेला हाताला लागणारी दोरी चिकटवावी आणि रोबोट वळताना वेगवेगळे आवाज करील अशी सोय करावी. गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी पहिला तास शांत ठेवून तो निमंत्रणातच जाहीर करावा.

वायरी वितळलेल्या धातूने जोडणाऱ्या सोल्डरिंग लोखंडाचे टोक तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, म्हणून ते वेगळ्या टेबलावर, चष्मा लावून, केस बांधून आणि एका वेळी दोघांपुरतेच चालू ठेवावे. लिथियमच्या बॅटऱ्या गर्दीत चार्ज करू नयेत आणि फुगलेली बॅटरी वापरू नये. फिरणाऱ्या मोठ्या रोबोटला हाताशी येईल असे लाल बंद-बटण असावे आणि ते दाबून पाहण्याचा मान आलेल्या प्रत्येक मुलाला द्यावा.

कार्यक्रम संपल्यावर

उत्साह आठवडाभर टिकतो, म्हणून पुढची भेट त्याच दिवशी जाहीर करावी; महिन्यातून एकदा, दोन तास, त्याच जागी. काही साहित्याचे संच डब्यांत भरून ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे घरी न्यायला द्यावेत. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आतील वस्तूंची यादी चिकटवावी आणि बरोबर एक वही ठेवावी, ज्यात संच नेणाऱ्या कुटुंबाने काय करून पाहिले, कुठे अडले आणि पुढच्याने काय करून पाहावे हे लिहायचे. डबा परत आल्यावर सेल काढून ठेवावेत, वायरी मल्टिमीटरने तपासाव्यात, आणि वहीतला शेवटचा प्रश्न पुढच्या भेटीच्या पहिल्या टेबलावर मांडावा.